रंकाळ्यावरच्या अनोळखी मदतनीसांचे आभार

मुलं नोकरीला लागली की घरातलं बोलणं कामापुरतं उरतं. शेजारी बसून जलरंगात चित्र काढताना मात्र ते आपसूक वाढतं. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर आम्हा पालकांना आणि आमच्या कमावत्या मुलांना हे सुख लाभलं, ते नावही न सांगता मदत करणाऱ्यांमुळे.

चहाच्या गाडीवरच्या मामांनी दोन डबे पाणी दिलं: एक ब्रश धुवायला, एक रंगात घ्यायला. एकाच डब्यावर भागवलं की आभाळ मळतं. कागदाच्या दुकानातल्या दादांनी ३०० जीएसएमचाच (म्हणजे जाड) कागद घ्यायला लावला, चारही कडा टेपने बोर्डावर चिकटवून दाखवल्या. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो.

पावसाळी हवेत रंगाचा पहिला थर लवकर वाळत नाही. अर्धवट ओल्यावर पाण्याचा ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग उठतात. कागदाला हाताची पालथी बाजू लावायची, गार लागला तर थांबायचं, हे शिकवणाऱ्या आजोबांचे तर विशेष आभार. बाप-लेकीच्या खऱ्या गप्पा त्या थांबण्यातच होतात!

आणि संध्यामठाजवळ भुरभुर सुरू होताच आमच्या बोर्डांवर छत्र्या धरणाऱ्या कॉलेजच्या पोरांनो, तुमचेही मनापासून आभार.