जमालपूरहून परत आलेल्यांबद्दलही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१६ डिसेंबरच्या अंकातलं १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या विजय दिवसाचं पान वाचलं. पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करतायत, शेजारी आपले जनरल अरोरा बसलेत तो ढाक्याचा फोटो, ९३ हजार युद्धकैदी, सगळं होतं त्यात, वाचून अभिमान वाटलाच. पण त्या लढाईत जे पायी चालत लढले त्यातले किती तरी जण नंतर आपल्या लालबाग-परळच्या चाळीत येऊन राहिले आणि त्यांच्याबद्दल कुठेच काही येत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. माझे वडील त्यातलेच एक, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला स्वतः जाऊन देऊन आले आणि महिनाअखेर गेले, ७६ वर्षांचे होते.

अण्णा सातारा जिल्ह्यातले. १९६८ ला बेळगावला भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. ही पलटण १७६८ सालची, त्यामुळे मी आलो तेव्हा पलटणीला बरोब्बर दोनशे वर्षं झाली होती हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. ७१ च्या लढाईत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी चिठ्ठी पाठवली तर तिकडच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हा किस्सा बऱ्याच ठिकाणी छापून आलाय. अण्णा मात्र तिथल्या गावकऱ्यांबद्दलच जास्त बोलायचे, ब्रह्मपुत्रा ओलांडायला त्यांनी होड्या दिल्या, सामान ओढायला बैलगाड्या दिल्या, घरात खायची मारामार असताना जवानांना मुरमुरे आणून दिले. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरमधली पाकिस्तानी पलटण दक्षिणेकडे निसटायला निघाली ती नेमकी मराठे जिथे रस्ता अडवून बसले होते तिथेच आली. त्या रात्रीचं अण्णांनी कधी पूर्ण सांगितलं नाही, एवढंच म्हणायचे, उजाडल्यावर बघितलं तर समोर पडलेली पोरं आमच्याच वयाची होती.

१९८३ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मुंबईत गिरणी संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं, काका गिरणीत, त्यांचा पगार बंद, आणि एका खोलीत आम्ही दोन कुटुंबं. खरं तर अण्णांना गावाकडे विहीर खणून शेती करायची होती, पैसेही त्यासाठीच साठवले होते, पण आल्या आल्या ते सगळे काकांच्या घरखर्चात आणि चुलत भावांच्या फीमध्ये गेले आणि अण्णा एका बँकेत सिक्युरिटी गार्ड म्हणून उभे राहिले. विहिरीचं नाव परत काढलं नाही त्यांनी. काकांना शेवटपर्यंत हे जाणवू दिलं नाही की घर कोणाच्या पेन्शनवर चाललंय, मिलिटरी कॅन्टीनचं सामान आणलं की पिशवी काकूच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, वहिनी, तुम्हीच वाटणी करा.

मी लहान असताना ते सुट्टीवर घरी यायचे तेव्हा मी त्यांना घाबरायचे, मिशा, तो आवाज, पहाटेच उठून वळकटी गुंडाळून ठेवणं. ते कायमचे घरी आल्यावर हळूहळू भीती गेली. नंतर आईला अर्धांगवायू झाला. अकरा वर्षं ती अंथरुणावर होती आणि या माणसाने तिला एक दिवस परक्या हातात दिलं नाही, मी आणि वहिनी होतो पण आंघोळ, औषधं, जेवण भरवणं सगळं स्वतः करायचे, तिची वेणीसुद्धा घालायचे. सुरुवातीला वाकडी यायची तर शेजारच्या आजींकडे बसून नीट शिकून आले. चाळीतली माणसं दारातून बघत राहायची, पण अण्णांना त्यात लाज वाटायचं काही कारणच दिसलं नाही.

जे शहीद होतात त्यांचं नाव चौकाला लागतं आणि ते लागलंच पाहिजे. पण लढून परत आले, पोरंबाळं भाऊबंद सगळे सांभाळले, रात्रपाळ्या केल्या आणि शांतपणे गेले, त्यांचंही कोणीतरी लिहून ठेवायला नको का? ७१ ला जी पोरं विशीत होती ती आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, हातात वेळ फार कमी आहे. अण्णांचं मी रेकॉर्ड करून ठेवलं नाही, करायचं करायचं म्हणत राहून गेलं, त्याचा फार त्रास होतो.

म्हणून विनंती आहे की आपल्या पेपरने दर रविवारी मुंबईतल्या अशा एका माजी सैनिकाची आठवण छापावी, अर्धा कॉलम दिला तरी चालेल. सुरुवात हवी असेल तर आमच्या मागच्या चाळीत अण्णांच्याच पलटणीतले एक काका आहेत. त्यांना ऐकायला कमी येतं, जरा मोठ्याने बोलावं लागेल, पण जमालपूरच्या रात्री कोण कुठल्या खंदकात होतं ते नावानिशी सांगतात. संध्याकाळी चारनंतर घरीच असतात, मी त्यांना विचारून ठेवलंय, आपला वार्ताहर पाठवा, मी सोबत येईन.

आपली नम्र,
एक वाचक, लालबाग, मुंबई