न सांगितलेले कर्ज आणि दोघांचा घरखर्च

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. घरखर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा की दोघांचे पगार एकाच खात्यात जमा करावेत, असे तू विचारले आहेस. पण पत्राच्या शेवटी क्रेडिट कार्डावरच्या थकबाकीचा ओझरता उल्लेख करून पुढे कंसात ‘हिला अजून सांगितलेले नाही’ असे जे लिहिले आहेस, त्याने माझी झोप उडवली. म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

लग्नानंतर चौथ्या वर्षी मीही हेच केले होते. दर महिन्याला कार्डाचे बिल आले की मी किमान देय रक्कम तेवढी भरत असे आणि तो कागद चार घड्या घालून कपाटातल्या जुन्या फायलींखाली सरकवत असे. आपण कर्ज फेडतो आहोत, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के असेल, तर भरलेल्या पैशातला निम्म्याहून अधिक भाग नुसत्या व्याजात जातो, आणि नवी एकही खरेदी केली नाही तरी थकबाकी निम्मी व्हायला जवळपास ३२ महिने लागतात. काहीच भरले नाही, तर तीच रक्कम दोन वर्षांत दुप्पट होते. हे गणित मला येत नव्हते असे नाही; पण ते मांडायचे तर कागद उलगडावे लागणार आणि उलगडले की पत्नीला सांगावे लागणार, म्हणून मी ते मांडायला कधी बसलोच नाही.

कपाट आवरताना ते कागद तिलाच सापडले. ती ओरडली नाही. पेन्सिल घेऊन तिने प्रत्येक बिलावरच्या व्याजाच्या आकड्याभोवती गोल काढला आणि मग विचारले, “गेले अकरा महिने आपण बचत करतो आहोत असे मला वाटत होते, ते काय होते?” मजजवळ उत्तर नव्हते, कारण बचत खात्यातले पैसे जेमतेम ४ टक्क्यांनी वाढत होते आणि त्याच घरात ३६ टक्क्यांचे कर्ज फुगत होते. रकमेचा धक्का तिने आठवडाभरात पचवला. अकरा महिने तिला अंधारात ठेवले, हे पचायला फार दिवस गेले.

तेव्हा वहिनींना तू स्वतः सांग, आणि रक्कम कमी करून सांगू नकोस. दोघे बसून सगळी देणी एका कागदावर उतरवा: शिल्लक किती, व्याजदर काय, हप्ता किती आणि कर्ज कोणाच्या नावावर. बाकीचे हप्ते चालू ठेवून हाती उरेल तेवढा पैसा सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर भरा. लहान कर्ज आधी संपवले की हुरूप येतो असे काहीजण म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण व्याजदरांत एवढी तफावत असताना मी तो मार्ग सुचवणार नाही. आणखी एक गोष्ट. नव्या कर्जावर सहकर्जदार म्हणून वहिनींची सही घेणार असशील, तर ‘अर्धे तुझे, अर्धे माझे’ ही वाटणी घरापुरतीच असते, हे दोघांनी आधी समजून घ्या. एकाचे हप्ते थकले, तर कर्ज देणारा बहुधा सगळी रक्कम दुसऱ्याकडे मागू शकतो.

आता तुझा मूळ प्रश्न. निम्मा-निम्मा हा हिशेब सोपा असतो, पण मिळकत असमान असेल तर तो न्याय्य ठरत नाही. समज, एकाची मिळकत दुसऱ्याच्या दुप्पट आहे आणि घरखर्च दोघांच्या एकूण मिळकतीच्या निम्मा आहे. तो समान वाटला, तर कमी मिळवणाऱ्याच्या हाती स्वतःच्या मिळकतीचे २५ टक्के उरतात आणि जास्त मिळवणाऱ्याच्या हाती साडेबासष्ट. मिळकतीच्या प्रमाणात वाटला, तर दोघांकडेही निम्मे राहतात. आम्ही हेच करतो: घरखर्चाचे खाते सामायिक, त्यात आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात भरणा, आणि हप्ते त्याच खात्यातून. एकाची मिळकत काही काळ थांबली, की प्रमाण नव्याने ठरवतो. घर सांभाळण्यासाठी कोणी नोकरी सोडली असेल, तर तिथे मिळकतीचे प्रमाण लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

याखेरीज दोघांना दरमहा सारखाच हातखर्च मिळतो आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. ही सूचना पत्नीची. बारीकसारीक वस्तूसाठी विचारावे लागते, याने तिला कर्जाहून जास्त त्रास होत होता, हे मला तेव्हा कळले. उलट ठरावीक रकमेपलीकडची खरेदी दोघांच्या होकाराशिवाय होत नाही. तो आकडा तुमचा तुम्ही ठरवा.

तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी गंगाजळी साठवण्याचे मात्र कार्डाची थकबाकी फिटल्यानंतर बघ. तोवर अचानक उद्भवणाऱ्या खर्चापुरती थोडी रक्कम बाजूला असली तरी पुरे.

वहिनींना माझा नमस्कार सांग. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर हेच पत्र त्यांच्या हाती दे. माझी हरकत नाही, आणि पत्नीलाही विचारले, तिचीही नाही.

तुझा मित्र