ताप कुठून आला, हेही तपासा

महोदय,
गेल्या पावसाळ्यात आईला चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण बोटांचे सांधे अजून धरतात. सकाळी तिला पोळ्या लाटवत नाहीत. तपासणी झाली ती आठवड्यानंतर, तीही फक्त प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवते त्या घटकांची. विषाणू कोणत्या वंशाचा, म्हणजे कोणत्या जनुकीय गटातला, हे कुणी पाहिलेच नाही.

ते पाहिल्याने काय कळते? १९७३ मध्ये बार्शीत साथ आली, तेव्हाचा विषाणू आशियाई वंशाचा होता. २००५-०६ मध्ये देशभर पसरलेला मात्र आफ्रिकी वंशाचा निघाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने जुने नमुने तपासले, तर २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत सापडलेला विषाणूही त्याच वंशाचा! म्हणजे पाहुणा साथीच्या पाच वर्षे आधीच दारात होता. पुढे केरळात एका लहानशा जनुकीय बदलामुळे तो नेहमीच्या एडिस इजिप्ती डासाखेरीज एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासातही सहज वाढू लागला.

विषाणू रक्तात जेमतेम आठवडाभर सापडतो. म्हणून इंदूरच्या प्रत्येक वॉर्डातून तापाच्या पहिल्या पाच दिवसांतले थोडे तरी नमुने जनुकक्रम तपासणीला जायला हवेत, आणि निष्कर्ष नागरिकांनाही कळायला हवेत. स्वच्छतेत आपले शहर पहिले येते याचा मलाही अभिमान आहे. पण एडिस डास कचऱ्यात नव्हे, कूलरच्या आणि गच्चीवरच्या टाकीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

- एक वाचक, रामबाग, इंदूर