रॅम्झीबाईंची शाल

महोदय,
रविवारच्या पुरवणीतला पर्यावरणीय स्त्रीवादावरचा (इकोफेमिनिझम : बाईचं आणि निसर्गाचं शोषण एकत्र पाहणारा विचार) लेख वाचला. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाऊस’ या कादंबरीतल्या (१९२७) मिसेस रॅम्झीला, म्हणजे घरातल्या आईला, त्यात थेट ‘धरित्री’ करून टाकलंय. ते काही पटलं नाही. बाई म्हणजे निसर्ग हे समीकरण पुरुषांचंच, जुनं. फ्रेंच स्त्रीवादी लेखिका फ्रान्स्वाज द’ओबोन यांनी १९७४ मध्ये ‘इकोफेमिनिझम’ हा शब्द आणला तो बाई आणि जमीन, दोन्हींवरची मालकी मोडायला, आरती ओवाळायला नव्हे.

कादंबरीचा मधला भाग पाहा. मिसेस रॅम्झीचा मृत्यू कंसातल्या एका वाक्यात उरकलाय. तिची छोटी मुलगी कॅम घाबरते म्हणून डुकराच्या कवटीवर तिने अंगावरची शाल गुंडाळली होती. कुटुंब येईनासं झाल्यावर रिकाम्या घरात त्या शालीचा एकेक वेढा सुटत जातो. फरश्यांतून काटेरी रोपं वर येऊ पाहतात. हा निसर्ग कुणाची आई नाही, त्याला घराची फिकीरही नाही. घर वाचवतात त्या मिसेस मॅकनॅब आणि मिसेस बास्ट, म्हाताऱ्या कामवाल्या, कण्हत-कुथत, बादल्या-झाडू घेऊन. लेखात या दोघींचं नावही नव्हतं!

— एक वाचक, सातारा