कुर्ल्याच्या चाचांना, गोराईहून

चाचा, सलाम. नातू मराठी शाळेत जातो म्हणाला होतात ना, त्याच्याकडून हे वाचून घ्या, कारण त्या दिवशी बोट पकडायच्या घाईत तुम्हाला धड थँक्यू पण बोलता आलं नाही.

आजोबांचा फर्ग्युसन ट्रॅक्टर म्हणजे 6 व्होल्टची बॅटरी, तिचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं, आणि पावसाळ्यात गिअरचा दांडा एस वर, म्हणजे स्टार्टवर नेला की सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) नुसता कण्हायचा. त्यात तुमच्या आधी एकाने 'कुछ नहीं होता' म्हणत सरळ 12 ची बॅटरी ठोकली, दोन दिवस मस्त चालला आणि मग प्लगला ठिणगी देणारी कॉईल एवढी तापायला लागली की हात लावला तर चटका, तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट पण जळून काळे. पप्पा भंगारवाल्याला फोन करायला निघाले होते, खरंच.

आणि तुम्ही या वयात बॅटरी चार्ज करणारा जुना 12 व्होल्टचा अल्टरनेटर गोणीत घालून कुर्ल्याहून ट्रेन, मग बोरिवलीहून रिक्षा, मग खाडी ओलांडून आलात! आल्या आल्या चहा मागितलात आणि मला विचारलंत, बॉडीला अर्थ कुठला, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? मी गप्प. मग सांगितलंत की अल्टरनेटरमध्ये डायोड असतात, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे, ह्याला निगेटिव्हच बॉडीला पाहिजे, उलटं लागलं तर गेले समजायचे. म्हणून बॅटरीची टोकं उलटी जोडली, 12 ची कॉईल टाकली, तिच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या, अँपमीटरच्या पण तशाच, बल्ब सगळे नवे. सेल्फ आहे तोच ठेवलात, 'वैसाच घुमेगा, बस लंबा मत मारना.' मी जुन्या जाड वायरी उपटायला गेलो तर केवढे ओरडलात, अरे व्होल्टेज डबल झालं की तेवढ्याच वॅटच्या बल्बला करंट निम्मा लागतो, वायर जाड आहे तर चांगलंच आहे ना! जिथे कव्हर फुटलेलं तेवढ्याच बदलल्या, तीन की चार.

पण खरी मजा नंतर. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात चालू, पप्पा खूश, चावी बंद केली आणि इंजिन चालूच! पप्पा चावीकडे बघतायत, मी तुमच्याकडे, तुम्ही बिडी शोधताय. शेवटी पप्पांनी गिअरमध्ये टाकून क्लच सोडला तेव्हा कुठे बंद पडला. अल्टरनेटरच्या बारक्या वायरीतून करंट उलटा कॉईलला जातोय म्हणालात, आणि खिशातून छोटा लाल इंडिकेटर बल्ब काढून त्या वायरीत मध्येच जोडलात, झालं काम. बल्ब खिशात तयार होता म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं चाचा, मुद्दाम केलंत ना?

बल्बचे पैसे राहिलेत, वाडीतली वांगी निघाली की घेऊन येतो. पप्पा अजून चावी बंद केली की दोन सेकंद कान देऊन उभे राहतात.