लाइव्ह रेकॉर्डिंगला एका ओळीत निकालात काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत सोल म्युझिकवर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या त्या जीव ओतून गायच्या संगीतावर, लेख आला, बरं वाटलं, मराठी पेपरात सॅम कुक आणि जेम्स ब्राउन ही नावं कुठे वाचायला मिळतात एरवी. पण लेखकाने नवीन ऐकणाऱ्यांना सगळी स्टुडिओतली गाणी सुचवलीत आणि लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये पब्लिकच्या आरडाओरड्यामुळे मजा जाते असं लिहून विषय संपवलाय, ते काही पटलं नाही बुवा. मैफलीच्या रेकॉर्डिंगमधून दाद कापून टाकली तर आपल्याला चालेल का?

सॅम कुकचंच घ्या. १२ जानेवारी १९६३, मायामीतला हार्लेम स्क्वेअर क्लब. हा क्लब ओव्हरटाऊनमध्ये, म्हणजे काळ्या लोकांच्या वस्तीत. त्या काळी काळे कलाकार मायामी बीचच्या पॉश हॉटेलांत गायचे पण रात्री तिथे राहायची त्यांना बंदी, मग मुक्कामाला ओव्हरटाऊनला यायचे आणि इथल्या क्लबांत आपल्या माणसांसमोर परत गायचे. त्यामुळे या रेकॉर्डिंगमधलं पब्लिक अगदी घरचं आहे आणि ते ऐकू येतं. रेडिओवरचा तो गोडगोड सॅम कुक इथे सापडतच नाही, घसा खरवडून गातोय, मध्येच हसतोय, मागून किंग कर्टिसचा सॅक्सोफोन त्याला रेटतोय. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' स्टुडिओत गायला तेव्हा मागून 'येऽऽ' म्हणायला लू रॉल्स होता, इथे ते काम अख्खा क्लब करतो, आणि प्रत्येक 'येऽऽ' नंतर सॅमचा आवाज अजून फाटतो, तो अजून मागतो, ते अजून देतात. ही सवय चर्चमधली, वडील धर्मोपदेशक आणि हा स्वतः सोल स्टिरर्स या ग्रुपमध्ये गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गाऊन मोठा झालेला.

आणि गंमत बघा, कंपनीलाही तुमच्या लेखकासारखंच वाटलं असावं! त्याच्या रेकॉर्ड कंपनीने, आरसीएने, हे फारच रांगडं आहे म्हणून टेप कपाटात ठेवून दिली. १९६४ मध्ये बाहेर आला तो न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमधला कार्यक्रम, तो वाईट नाही, पण सुटाबुटात जेवायला आलेल्यांसमोर माणूस जसा जपून गाईल तसं ते गाणं आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सॅम कुक गोळी लागून गेला, वय ३३. मायामीची रेकॉर्ड आली १९८५ ला!! बावीस वर्षं लोकांना अर्धाच सॅम कुक माहीत होता.

जेम्स ब्राउन जास्त हट्टी निघाला. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचे, किंग रेकॉर्ड्सचे, मालक सिड नेथन म्हणत होते की नवीन गाणी नसलेली लाइव्ह रेकॉर्ड कोण घेणार, तर पठ्ठ्याने स्वतःचे पैसे घालून २४ ऑक्टोबर १९६२ ला न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये रेकॉर्डिंग केलं. १९६३ ला आलेली ही एलपी बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत ६६ आठवडे होती आणि दुसऱ्या नंबरपर्यंत गेली. त्यात 'लॉस्ट समवन' दहा मिनिटांच्या वर चालतं, एलपीच्या एका बाजूला मावेना म्हणून मध्ये तोडून उरलेलं दुसऱ्या बाजूला टाकलं होतं. स्टुडिओत एवढं लांबवायची हिंमत कुणी केली नसती, इथे तो एकेक शब्द विनवणी केल्यासारखा पुन्हा पुन्हा म्हणतो आणि थिएटरमधल्या बायका किंचाळतात, ते किंचाळणं ऐकूनच तो पुढचं ठरवतोय हे कळतं. हे पुसलं तर राहणार काय?

तर विनंती एवढीच की पुढच्या लेखात या दोन रेकॉर्ड्सना जागा द्या. नवीन वाचकांना आधी अपोलो सांगा, अर्ध्या तासात संपते, आणि कृपया मोबाईलच्या स्पीकरवर नको, बेस ऐकूच येत नाही.

आपला नेहमीचा वाचक,
ठाणे