आमच्या गरम पाण्याच्या लाइनचं काम करणाऱ्या प्लंबरकाकांना

प्रिय प्लंबरकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं बिल चुकतं झालं, पण आभार राहून गेले होते. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र. गच्चीवर सोलर वॉटर हीटर असलेल्या आणखी कितीतरी सोसायट्या, गरम पाण्याच्या पाइपांवर कसलं आवरण (इन्सुलेशन) घालावं, याच प्रश्नापाशी अडलेल्या असतील. तुम्ही आम्हाला जे समजावून सांगितलंत, ते त्यांनाही कळलं तर बरंच.

नाशिकची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. टाकीत पाणी 60 अंशांचं आणि खालच्या मजल्यांवर नळाला कोमट, अशी आमची गत होती. कुणी टाकी बदला म्हणत होतं, कुणी घरोघरी गीझर बसवा म्हणत होतं. तुम्ही मात्र आधी गच्चीवर गेलात. लाइनवरचा फाटका पत्रा बाजूला करून आतलं ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचं कापसासारखं आवरण, ओढून काढलंत आणि मुठीत पिळलंत. पावसाळा कधीच सरला होता, तरी पाणी ठिबकलं. खालचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून तांबडा झालेला. "ग्लासवूल वाईट नाही, पण एकदा भिजलं की ते पाइपाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा समितीतल्या सगळ्यांना रोग कळला.

खजिनदार या नात्याने माझा पहिला प्रश्न होता, स्वस्तात स्वस्त काय? तुम्ही थर्माकोल लगेच बाद केलंत. उन्हाळ्यात सोलरचं पाणी फारसं वापरलं जात नाही, तेव्हा ते 80 अंशांच्याही वर जातं आणि तेवढ्या उष्णतेत थर्माकोल नरम पडून आकसतं. साधा पांढरा फोम उन्हात भुरभुरीत होतो. उरलं फोमसारखं काळं नायट्राइल रबर. त्याच्या आतली छिद्रं बंद असल्यामुळे ते पाणी पीत नाही. तेच घ्यायचं ठरलं, तर आमच्यातल्या काहींना 25 मिमी (एक इंच) जाडीचंच हवं होतं. जाड तेवढं चांगलं, असंच कुणालाही वाटणार. पण 25 मिमीचा दर बराच जास्त, आणि आमच्या बजेटात ते निम्म्याच लाइनला पुरलं असतं.

"अर्धा इंच पुरे, पण एक वीतभरसुद्धा पाइप उघडा ठेवायचा नाही." तुमचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. नंतर मी त्याचा हिशेबही करून घेतला. एक इंची जीआय पाइप, आत 60 अंशांचं पाणी, बाहेर 20 अंशांची हवा, वारा नाही. अशा वेळी उघड्या पाइपाच्या दर मीटरमागे साधारण 40 ते 45 वॉट उष्णता जाते. 13 मिमी (अर्धा इंच) नायट्राइल चढवलं की ती 13 वॉटच्या आसपास येते. 25 मिमी चढवलं तर 9. म्हणजे पहिल्या अर्ध्या इंचाने 30 वॉट वाचवले आणि पुढच्या अर्ध्या इंचाने जेमतेम 4. एक मीटर पाइप उघडा सोडला, तर आठ मीटरवर जाड थर देऊन मिळवलेलं सगळं गेलं! हा हिशेब कागदावर न मांडता तुम्हाला ठाऊक होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि काम कसं केलंत! आधी लाइनला प्रेशर देऊन गळती तपासली, सडलेले तुकडे बदलले, मग रबर. एल्बोपाशी, म्हणजे पाइपाच्या वळणावर, रबराची नळी वाकवून कोंबली नाही, 45 अंशांत दोन तुकडे कापून चिकटवायच्या सोल्युशनने जोडले. व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइप जोडणारे सांधे) हेही झाकले, फक्त हँडल बाहेर. पाइपावर चढवण्यासाठी नळीला दिलेल्या उभ्या चिरेची बाजू खाली वळवली, म्हणजे पाऊस आत शिरायला नको. उन्हाने नायट्राइलही तडकतं म्हणून गच्चीवर त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घातलात, पण पाइप खाली उतरतात त्या डक्टमध्ये ऊन-पाऊस येत नाही तर तिथे पत्रा कशाला, असं म्हणून तो खर्च तुम्ही स्वतःहून कमी केलात. आपलंच बिल कमी करणारा माणूस आम्ही तोवर पाहिला नव्हता.

सगळ्यात मोठे आभार एका स्पष्ट बोलण्याबद्दल. पहाटेची पहिली बादली गार येणारच, हे तुम्ही काम सुरू करण्याआधी सभेत सांगितलंत. एक इंची पाइपात मीटरमागे अर्धा लिटर पाणी उभं असतं. उघड्या पाइपात ते तासाभरात निवतं, झाकलेल्या पाइपात दोन-तीन तास तग धरतं, पण रात्रभर नाही. त्यावर उपाय हवा असेल तर पंप लावून पाणी फिरतं ठेवावं लागेल, असं सांगून तुम्ही थांबलात. त्यामुळे आज कुणाची तक्रार नाही. सकाळी एकदा लाइन तापली की आंघोळींच्या मधल्या वेळात पाणी गरम राहतं, आणि तळमजल्यावरच्या आजींना आता गॅसवर पातेलं चढवावं लागत नाही.

शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तुमचा नंबर दिला आहे. त्यांची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपांची आहे आणि प्लास्टिकला इन्सुलेशन लागतच नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. तेवढं एकदा येऊन समजावून सांगा. आणि आलात की आमच्याकडे चहाला नक्की या.

आपली,
सोसायटीची खजिनदार